घरी मराठी, शाळेत जर्मन : मुलगा खरेच दुरावतो आहे का?

प्रश्न : (पत्र मोठे होते. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश येथे दिला आहे.)

मी मूळची बडोद्याची. पतीच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षांपासून जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. आम्ही त्याच्याशी मराठीतच बोलतो, पण वर्षभरापासून तो उत्तर जर्मनमध्ये देतो. डब्यात पोळी-भाजी नको म्हणतो. व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना नमस्कार कर म्हटले की उठून निघून जातो. शाळेतल्या पालकभेटीत मी जर्मन बोलू लागले, तर "तू बोलू नकोस, मी सांगतो" असे मला म्हणाला. त्याच भेटीत शिक्षिकेने सांगितले की तो वर्गात हात वर करत नाही आणि मोठ्यांशी बोलताना खाली बघतो. आम्ही शाकाहारी आहोत. मित्राच्या घरी त्याने सॉसेज खाल्ले आणि ते आमच्यापासून लपवले, हे मला त्या मित्राच्या आईकडून कळले. सासूबाई म्हणतात की मुलगा दहा वर्षांचा होण्याआधी त्याला बडोद्याला आणा, नाहीतर तो हातचा जाईल. तुम्हाला येणे जमत नसेल तर त्याला आमच्याकडे ठेवा, असेही त्या म्हणतात. पतीला अजून काही वर्षे जर्मनीतच राहायचे आहे. आम्ही मुलाला आपल्या संस्कृतीपासून तोडत आहोत का? आम्ही परत यावे का?

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात भाषा, डबा, नमस्कार, वर्गातले गप्प राहणे आणि एक लपवालपवी अशा निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या सगळ्यांना तुम्ही 'संस्कृतीपासून तुटणे' असे एकच नाव दिले आहे, आणि नाव एकच असल्यामुळे उपायही एकच आणि फार मोठा दिसतो आहे : देश बदलणे. मला या गोष्टींची कारणे वेगवेगळी वाटतात, म्हणून त्या आधी सुट्या करून पाहू.

शिक्षिकेच्या तक्रारीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटते. जर्मन शाळांत लेखी परीक्षेइतकेच मूल वर्गात काय बोलते, प्रश्न विचारते का, स्वतःचे मत मांडते का याकडेही लक्ष असते आणि त्याचा परिणाम गुणांवर होतो. मोठे बोलत असताना मध्ये बोलायचे नाही, विचारल्याशिवाय मत द्यायचे नाही, रागावले तर नजर खाली ठेवायची, हे आपल्या घरांत चांगल्या वळणाचे लक्षण मानले जाते. तेच वागणे तिथल्या शिक्षिकेला निरुत्साह किंवा आत्मविश्वासाचा अभाव म्हणून दिसते. म्हणजे तुमच्या घरातले वळण त्या मुलात इतके मुरलेले आहे की शाळेच्या दारातून आत गेल्यावरही ते त्याच्यासोबत राहते. ज्या मुलाबद्दल तुम्हाला 'तो तुटतो आहे' असे वाटते, त्याच्याविषयीचा हा पुरावा तुमच्याच पत्रात आहे आणि तो तुमच्या भीतीच्या विरुद्ध बाजूचा आहे.

या बाबतीत उशीर करू नका. तुमच्या भागात प्राथमिक शाळा चार वर्षांची असते आणि चौथीच्या वर्षात शिक्षक पुढच्या शाळेबद्दल शिफारस देतात; मूल विद्यापीठाकडे नेणाऱ्या 'गिम्नाझियुम' या माध्यमिक शाळेत जाईल की दुसऱ्या प्रकारच्या शाळेत, यात त्या शिफारशीला वजन असते. तेव्हा शिक्षिकेची वेळ मागून घ्या आणि आपल्याकडे मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा आदर मानला जातो, हे त्यांना स्पष्ट सांगा. जी शिक्षिका ही गोष्ट आपणहून तुमच्या कानावर घालते, तिला हा खुलासा उपयोगीच वाटेल. मुलालाही तितकेच स्पष्ट सांगा की शाळेत बाईंच्या डोळ्यांकडे बघून बोलायचे आणि हात वर करायचा, आणि आजोबा बोलत असतील तेव्हा त्यांचे पुरे होऊ द्यायचे. दोन ठिकाणच्या दोन रीती मुले सहज शिकतात. त्यांतली एक चुकीची आहे असे कोणी सांगितले, की मात्र ती गोंधळतात. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर बाबांच्या एखाद्या मताशी आपण का सहमत नाही, हे त्याला सांगू द्या आणि बाबांनी ते शेवटपर्यंत ऐकावे. वर्गात हात वर करण्याचा सराव अशा जेवणातूनच होईल.

आता "तू बोलू नकोस" या वाक्याविषयी. तुम्हाला त्यात त्याची लाज दिसली. थोडी लाज असेलही. नऊ वर्षांच्या मुलाला चारचौघांत आपले आई-बाप वेगळे दिसू नयेत असे वाटते, आणि ही गोष्ट बडोद्यातल्या मुलांनाही लागू आहे. पण मी तुम्हाला एक विचारते. डॉक्टरांकडे, कार्यालयात, घरमालकाशी बोलताना, आलेली पत्रे वाचताना तुमच्या वतीने कोण बोलते? पती कामावर असताना हे काम मुलाकडे जात असेल, तर तो केव्हापासूनच तुमचा दुभाषा झालेला आहे. अशी मुले एकाच वेळी आईला सांभाळू पाहतात, तिला कोणी हसू नये म्हणून पुढे होतात आणि त्या ओझ्यामुळे चिडतातही. शिवाय जो मुलगा बाहेर आईच्या वतीने बोलतो, त्याने घरी येऊन आईचे निमूट ऐकावे, ही अपेक्षा त्याच्यासाठी अवघड होऊन बसते.

दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. नोकरी पतीची, शाळा मुलाची, आणि दिवसभर घरात एकटी राहणारी तुम्ही, हे चित्र मला तुमच्या ओळींमधून दिसले. त्याविषयी तुम्ही एक अक्षरही लिहिलेले नाही आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. मुलगा दूर जातो आहे असे वाटण्याचे एक कारण असेही असू शकते की तो जिथे दिवस घालवतो तिथे तुम्हाला अजून जाता येत नाही. तिथल्या गावोगावी प्रौढांसाठी 'फोल्क्सहोखशूले' ही सार्वजनिक शिक्षणाची सोय असते आणि तिथले भाषावर्ग खासगी वर्गांपेक्षा बरेच स्वस्त असतात. तिथे स्वतःसाठी नाव घाला. मित्राच्या आईशी तुम्हाला पाच मिनिटे मोकळेपणाने बोलता आले, तर कोणत्या घरी काय शिजते, मुले कुठे खेळतात, कोण कसे आहे, हे सगळे तुम्हाला आधीच कळेल, आणि मुलाच्या खांद्यावरचे ओझेही उतरेल. डॉक्टरांकडे आणि सरकारी कामासाठी तर त्याला दुभाषा म्हणून आजपासूनच नेऊ नका. पतीने त्यासाठी वेळ काढावा किंवा ओळखीच्या मोठ्या माणसाची मदत घ्यावी.

भाषेबद्दल तुम्ही सर्वांत जास्त लिहिले आहे. तुम्ही मराठीत विचारता आणि तो जर्मनमध्ये उत्तर देतो, याचा अर्थ त्याला तुमचे मराठी पुरते समजते. दोन भाषा एकत्र वाढल्या की मुलाची वाढ खुंटते, हा समज भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी केव्हाच मागे टाकला आहे. एका वाक्यात दोन भाषांची सरमिसळ करणे हाही बिघाड नाही. शिवाय तुम्ही बडोद्याच्या आहात. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरातून बाहेर पडलेले मूल भाजीवाल्याशी गुजराती बोलते, शाळेत इंग्रजी वा हिंदी, आणि घरी आल्यावर मराठी; नवरात्रात भोंडलाही खेळते आणि गरब्यालाही जाते. अठराव्या शतकात गायकवाड येथे आले तेव्हापासून आपण हेच करत आलो आहोत. १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक म्हणून येथे आला. पुढे सयाजीराव महाराज झालेल्या त्या मुलाला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकाव्या लागल्या. आपल्या मराठीत गुजराती शब्द शिरले, पुण्याकडचे पाहुणे त्यावरून आपल्याला टोकतात, आणि तरीही २०१८ मध्ये ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. यांतली खरी तू कोणती, असे तुम्हाला लहानपणी कोणी विचारले नसेल. तुमच्या मुलालाही ते विचारण्याची गरज नाही.

बडोद्यात आणि तुमच्या गावात एक फरक मात्र आहे आणि तो मोठा आहे. येथे मराठीला शेजार होता, गणपतीचा मांडव होता, आते-मामे भावंडे होती, काही पिढ्यांना मराठी शाळाही होत्या. तिथे मराठीचा सगळा भार एकट्या तुमच्यावर आहे. आई दिवसभरात मराठीत काय बोलते, हे एखाद्या दिवशी ऐकून पाहा. ऊठ, आवर, जेव, अभ्यास कर, नमस्कार कर. त्याची मराठी हुकमांची आणि जर्मन खेळाची झाली असेल, तर तो खेळाच्या भाषेकडे झुकणारच. म्हणून 'मराठीत बोल' हा आणखी एक हुकूम देऊ नका, आणि त्याचे जर्मन समजले नाही असे नाटकही करू नका. तो जर्मनमध्ये म्हणाला की आज मैदानावर भांडण झाले, तर तुम्ही सहज मराठीत म्हणा, "मैदानावर भांडण झालं? कोणी सुरू केलं?" त्याला हवा असलेला शब्द अशा रीतीने त्याच्या कानावर पडतो आणि गप्पाही तुटत नाहीत. रात्री त्याला मराठीतून वाचून दाखवा. महाराष्ट्राच्या बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यांतले धडे आणि कविता पुरेशा आहेत. देवनागरी लिहायला लावण्याची घाई आता नको. काही मोठ्या जर्मन शहरांत मराठी मंडळे आहेत. गणपतीला किंवा दिवाळीला तिथे जाता आले, तर आपल्यासारखे बोलणारी आणि तरीही जर्मन शाळेत जाणारी दुसरी मुले त्याला भेटतील. दहा वेळा समजावण्यापेक्षा त्या एका भेटीचा उपयोग अधिक होईल.

नमस्काराचेही असेच आहे. पडद्यासमोर हात जोडायला सांगितले की मुलाला ती परीक्षा वाटते, आणि आजीलाही नातवाऐवजी त्या परीक्षेचा निकाल दिसतो. आजी-नातवाला एकत्र करायला काहीतरी द्या. 'नाव, गाव, फळ, फूल' हा खेळ व्हिडिओ कॉलवर उत्तम जमतो. 'क' वरून गाव शोधताना तो कवळाणे म्हणेल की कोल्हापूर, हे बघण्यात आजीलाही गंमत आहे, आणि शब्द आपोआप मराठी असतात. भारत आणि जर्मनी यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, त्यामुळे त्याच्या दुपारी चारला बडोद्यात साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात. ठरावीक वारी ही वेळ आजीसाठी ठेवा आणि त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर राहा. आजीला त्याच्या मित्रांची नावे आधी सांगून ठेवा, म्हणजे 'जेवलास का, किती मार्क मिळाले' याच्या पुढे संभाषण जाईल. प्रत्यक्ष भेटीत हाच मुलगा आपण होऊन वाकण्याची शक्यता मला जास्त वाटते.

डब्याविषयी फार लिहीत नाही. इतर मुले ब्रेड आणि चिरलेली फळे नेत असतील तर त्यालाही तेच द्या. पोळी-भाजी संध्याकाळी घरी गरम मिळतेच. कधी मित्रांना घरी बोलवा आणि काय करायचे ते त्याला निवडू द्या.

सॉसेजच्या बाबतीत मात्र मला थांबावे लागेल. तुम्हाला खाण्याचे जास्त वाईट वाटले की लपवण्याचे, हे पत्रावरून कळत नाही. मला लपवण्याची काळजी वाटते. मूल तेव्हाच लपवते जेव्हा सांगितल्यावर काय होईल हे त्याला ठाऊक असते. घरात मांसाहाराविषयी कोणत्या सुरात बोलले जाते, ते आठवून पाहा. 'आपण हे खात नाही' हे वाक्य मुलाला घेऊन जाता येते, मित्राच्या घरीही ते त्याला म्हणता येते. 'शी, ते लोक काय काय खातात' हे वाक्य त्याला नेता येत नाही, कारण ते मान्य केले तर त्याचा सर्वांत जवळचा मित्र आणि त्या मित्राची प्रेमळ आई वाईट ठरतात. त्याच्याजवळ बसून सांगा की तू खाल्लेस हे मला कळले आहे, मी रागावलेली नाही, पण तू मला सांगितले असतेस तर बरे वाटले असते. मग आपल्या घरी हे का खात नाहीत, ते तुमच्या शब्दांत सांगा. जीवदया असेल, आजीची श्रद्धा असेल, केवळ सवय असेल, जे खरे असेल तेच सांगा. घरचा नियम कायम ठेवण्याचा अधिकार तुमचा आहे, तो सोडू नका. तो कोणाकडे जेवायला किंवा रात्री राहायला जाणार असेल, तेव्हा त्या घरी तुम्ही स्वतः आधी कळवा की हा मांस खात नाही. शाकाहार तिथे अनोळखी राहिलेला नाही. पाहुण्याच्या ताटाची जबाबदारी नऊ वर्षांच्या मुलाने एकट्याने का पेलावी?

एक शक्यता मात्र तपासून घ्या. डबा नको, मराठी नको, गप्प राहणे, हे सगळे साधारण एकाच काळात सुरू झाले असेल, तर शाळेत कोणी त्याच्या रंगावरून, नावावरून किंवा डब्याच्या वासावरून चिडवते आहे का, हे विचारा. थेट विचारू नका. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतोस, कोणाच्या शेजारी बसायला नको वाटते, असे विचारा. सकाळी पोट दुखणे, वस्तू हरवून येणे, अमुक वाटेने जायला नकार देणे यांकडे लक्ष ठेवा. तसे काही आढळले तर वर लिहिलेले बाकी सगळे बाजूला ठेवा, तारखांसह लिहून वर्गशिक्षिकेकडे जा आणि लेखी उत्तर मागा. अशा वेळी 'दुर्लक्ष कर' हा आपल्याकडचा सल्ला मुलाला एकटे पाडतो.

आता परत येण्याचा प्रश्न. सासूबाईंची काळजी प्रेमाची आहे, आणि दोन टोकांवर वाट बघत बसणे त्यांच्यासाठीही सोपे नाही. पण बडोद्याला परत येणे म्हणजे मराठीत परत येणे, असे त्या गृहीत धरत असतील तर ते तितके सरळ नाही. मराठी माध्यमाच्या शाळा येथे थोड्याच उरल्या आहेत, आणि २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा होतो आहे. म्हणजे आज जर्मनमध्ये विचार करणारा तुमचा मुलगा येथे येऊन इंग्रजी आणि गुजराती यांच्याशी झुंजेल, आणि मराठी तेव्हाही घरातल्या माणसांवरच अवलंबून राहील. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ यूसीम यांनी १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हापासून परदेशात वाढलेल्या मुलांबद्दल बरेच लिहिले गेले आहे. त्यात पुन्हा पुन्हा येणारा एक अनुभव असा की आई-वडिलांसाठी जे 'घरी परतणे' असते, ते मुलासाठी आणखी एक स्थलांतर असते. परत यायचे असेल तर पतीची नोकरी, तुमचे स्वतःचे काम, सासू-सासऱ्यांची तब्येत अशा तुमच्या कारणांसाठी या. मुलाच्या नावावर तो निर्णय टाकू नका, कारण पुढे काही बिनसले तर त्याचा भार त्याच्यावरच येईल.

आणि त्याला एकट्याला आजी-आजोबांकडे ठेवणे मला मान्य नाही. ज्या वयात तो दोन जगांचे धागे जुळवायला शिकतो आहे, त्या वयात दोन्हीकडे समान असणारी माणसे तुम्ही दोघेच आहात.

पतीशी बसून एक काळ ठरवा, आणि तो मुलालाही सांगा. 'कदाचित पुढच्या वर्षी जाऊ' हे वाक्य त्याच्यासमोर वर्षानुवर्षे बोलले गेले, तर मित्र करण्यात किंवा फुटबॉलच्या संघात जाण्यात त्याला अर्थ वाटणार नाही. चौथीनंतर शाळा बदलणारच आहे, म्हणून निर्णय त्याच्या आधी व्हावा, किंवा निदान पाचवी-सहावीपर्यंत जर्मनीतच आहोत असे त्याला निश्चित कळावे.

सासूबाईंना नुसता नकार कळवू नका, एक तारीख कळवा. जर्मनीतल्या तुमच्या राज्यात उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत असते, त्यामुळे काही वर्षी गणेशोत्सव पूर्ण किंवा अर्धा त्यात येतो. शाळेच्या दिवसांत विनापरवानगी मुलाला नेणे तिथे चालत नाही, तेव्हा अशी वर्षे पंचांग बघून आधी हेरून ठेवा. त्या काळात येथल्या भावंडांच्या शाळा चालू असतात, पण संध्याकाळी आरतीला ती घरीच असतात. तिकिटे काढण्यापूर्वी सासूबाईंना फोन करा, आरतीचे ताट, मोदकांचे सारण, मांडवातले काम यांपैकी नातवाकडे काय सोपवायचे ते त्यांनाच ठरवू द्या, आणि ते त्यांनीच त्याला त्यांच्या ठरावीक वाराच्या कॉलवर सांगावे.